मूसचे बेट आणि शिकारीचे वाटे

कॅनडा देशाच्या अगदी पूर्वेस, अटलांटिक महासागरात, न्यूफाउंडलंड नावाचे एक विस्तीर्ण बेट आहे. खडकाळ किनारा, दाट धुके, लाकडी घरांची लहान लहान गावे आणि त्यांमागे दूरवर पसरलेली फर वृक्षांची रानें, असे याचे रूप. येथील पुष्कळ कुटुंबांचे पूर्वज आयर्लंडहून आणि इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातून कॉड माशाच्या शोधात आले व येथलेच झाले. एका शरद ऋतूत या बेटावर काही आठवडे राहण्याचा योग आम्हांस आला. तेथे जे पाहिले, त्यातील एक गोष्ट आमच्या शेतकरी वाचकांस सांगण्याजोगी वाटते. ती म्हणजे तेथील मूसची शिकार.

मूस हे हरणांच्या कुळातील सर्वांत मोठे जनावर. पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी माणसाच्या उंचीचा असतो आणि त्याचे वजन साडेचारशे किलो वा त्याहूनही अधिक भरते. आपल्याकडील सांबर त्याच्याशेजारी उभे केले तर पाडसच भासावे. परंतु नवल हे की, हे जनावर या बेटाचे मूळचे रहिवासी नव्हेच. १८७८ साली एक जोडी आणि १९०४ साली हाउली या ठिकाणी आणखी चार मूस मुख्य भूमीवरून आणून सोडण्यात आले. लोकांस मांस मिळावे, बाहेरचे शिकारी यावेत, हा हेतू. बेटावरील लांडगा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नाहीसा झाला, आणि त्या मूठभर जनावरांची संख्या आज लाखाच्या घरात गेली आहे.

अशा ठिकाणी शिकार हा केवळ छंद राहत नाही. १९९२ साली कॉडचा साठा संपत आल्यामुळे सरकारने ती मासेमारी बंद केली आणि सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला. समुद्राने हात आखडता घेतला, तेव्हा ज्या घरी मूसचे मांस होते त्या घरची चूल हिवाळ्यात निश्चिंत राहिली. तथापि कोणीही उठावे आणि बंदूक घेऊन रानात जावे, असे तेथे चालत नाही. प्रथम शिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. मग अर्ज करावयाचा. बेटाचे विभाग पाडलेले असून प्रत्येक विभागात किती परवाने द्यावयाचे हे सरकार ठरविते. अर्ज अधिक आले म्हणजे सोडत निघते. पूर्वी ज्यांस परवाना मिळाला नाही, त्यांचा क्रम पुढे सरकतो. दोघांनी मिळून एक परवाना घेण्याचीही सोय आहे.

आम्ही ज्या घरी उतरलो होतो, त्या वृद्ध कोळ्यास त्या वर्षी परवाना लाभला होता. बंदुकीचा आवाज एकदाच होतो, खरे श्रम त्यानंतरचे, असे ते आम्हांस म्हणाले, आणि ते अक्षरशः खरे ठरले. मूसचे कातडे जाड व केस दाट, त्यामुळे प्राण गेल्यावरही देहातील उष्णता लवकर निघत नाही आणि मांस आतून आंबू लागते. म्हणून जनावर पडताच, तेथेच रानात, पोट फाडून आतडी काढावी लागतात. सुरीचे टोक आतड्यास लागू नये यासाठी पाते वरच्या बाजूस धरून दोन बोटांच्या आधाराने चालवितात. मग चार मोठे भाग करून ते पाठीवरून अथवा चाकाच्या गाडीवरून दलदल तुडवीत रस्त्यापर्यंत आणावयाचे. वृद्धाचे दोन पुत्र व एक शेजारी या कामात सायंकाळपर्यंत गुंतले होते.

घरामागील पडवीत ते चारही भाग स्वच्छ कापडात गुंडाळून टांगले. हवा थंडगार असल्याने ते आठवडाभर तसेच राहिले. त्यायोगे मांस मऊ होते. पुढे एके दिवशी स्वयंपाकघरातील मोठे मेज घासूनपुसून घरची सारी माणसे कामास लागली. गोळी लागलेल्या जागेभोवतीचे मांस, शिशाचे कण राहू नयेत म्हणून, सढळ हाताने कापून टाकले. वरचा पांढरा चिवट पापुद्रा व चरबी काढली, कारण मूसच्या चरबीस उग्र वास येतो. पाठीचे मांस कापांसाठी, मागील मांडीचे अखंड भाजण्यासाठी, मानेचे व नडगीचे खिम्यासाठी आणि हाडे सारासाठी, अशी निरनिराळी रास लागली. यकृत व मूत्रपिंड मात्र बाजूस ठेवले. त्यांत कॅडमियम हा विषारी धातू साठत असल्याने ते खाऊ नयेत, अशी सरकारची सूचना आहे. गृहिणीने काही मांसाचे चौकोनी तुकडे खारविलेल्या डुकराच्या मांसासह व कांद्यासह काचेच्या बरण्यांत भरून दाबाच्या मोठ्या भांड्यात शिजविले. अशा बरण्या फडताळात महिनोन्‌महिने टिकतात.

सर्वांत अधिक आमच्या लक्षात राहिली ती वाटणी. पहिला वाटा शेजारच्या विधवेचा, दुसरा आजारी मित्राचा, तिसरा रानातून ओझे वाहणाऱ्याचा, आणि मग उरले ते घरचे. आपल्या गावी लग्नसमारंभास डुक्कर कापले म्हणजे शेजारीपाजारी वाटा जातो, त्याचीच आम्हांस आठवण झाली. ज्या देहाचा प्राण घेतला त्याचा कण वाया जाऊ नये आणि तो एकट्याने खाऊ नये, हा नियम तेथे कोणी लिहून ठेवलेला नाही, पण पाळतात सर्वजण.

हे वाचून खानापूरकडील वा सत्तरीतील एखादा शेतकरी विचारील की, ‘फादर, आमच्या उसात गवे आणि रानडुकरे शिरतात, मग आम्हांसच बंदी का?’ प्रश्न रास्त आहे, आणि पीक गमावलेल्या माणसाचे दुःख आम्ही जवळून पाहतो. परंतु दोन्ही भूमींत अंतर आहे. मूस तेथे माणसाने आणला आणि त्यास आवरणारा लांडगा उरला नाही. संख्या एवढी वाढली की त्याने कोवळी फर झाडे फस्त केली आणि रान पुन्हा उगवेना. म्हणून २०११ पासून ग्रोस मोर्न या राष्ट्रीय उद्यानातसुद्धा शिकारीस परवानगी द्यावी लागली. आपल्याकडे गवा हा या भूमीचाच पुत्र, आणि भीमगड व म्हादईच्या रानात वाघ व बिबटे अजून आहेत. गवे व सांबरे संपली तर ते गावात उतरतील. आपल्या देशात १९७२ च्या कायद्याने वन्य जनावरांची शिकार निषिद्ध केली आहे. रानडुकरासाठी लावलेल्या तारेच्या फासात अथवा विजेच्या तारेत गाय, कुत्रा आणि कधी माणूसही सापडतो, हे आपण जाणताच.

मग त्या बेटाकडून घ्यावे काय? बंदूक नव्हे, शिस्त घ्यावी. तेथे किती जनावरे आहेत व किती मारावीत, हे मोजून ठरते. सोडतीत नाव न आलेला मनुष्य पुढील वर्षाची वाट पाहतो आणि चोरून रानात जाणाऱ्यास गाव मान देत नाही. आपणही पिकाची हानी होताच त्वरित पंचनामा करवून वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करावा, एकट्याने नव्हे तर साऱ्या वाडीने मिळून करावा, आणि त्याचा पाठपुरावा सोडू नये. कुंपण व राखण यांचा खर्चही वाटून घ्यावा. मांसाचा वाटा शेजाऱ्यास देणारी आपली माणसे संकटाचा वाटाही सहज उचलतील, असा आमचा विश्वास आहे.