रूळ कुणी टाकले?

नीतिशास्त्राचा अभ्यास सुरू झाला की जगभरच्या वर्गांत एक गाडी सुटते. ताबा सुटलेली ट्राम, समोरच्या रुळावर पाच माणसं, बाजूच्या रुळावर एक. गाडी वळवायची की नाही? फिलिपा फूट या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी १९६७ साली एका लेखात हा पेच मांडला आणि तेव्हापासून तो पहिल्या वर्षाच्या पोरांना घातला जातो. मुलं हिरिरीने हात वर करतात. पाच वाचवा, एक गेला तर गेला. दुसरी बाजू म्हणते, आपल्या हाताने कुणाला मारायचं नाही. तास रंगतो, घंटा होते.

मला हा पेच आवडतो, पण पुरत नाही. त्यातली माणसं कोणत्या गावची, ती रुळावर आली कशी, आणि मुळात ते रूळ तिथे टाकले कुणी, हे त्यात विचारायचंच नसतं. सगळा निर्णय शेवटच्या क्षणाचा. खऱ्या आयुष्यात शेवटच्या क्षणी ठरवण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. जे ठरायचं ते नकाशावर रेघ ओढली जाते तेव्हाच ठरतं.

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे निघालं की मुर्धा, राई, मोर्वा ही गावं एकापाठोपाठ लागतात. शहराच्या इमारती मागे पडतात आणि बाजूला खाजण, तिवरं, मिठागरांचे बांध दिसू लागतात. विचार कसा करायचा हे शिकवण्यासाठी मला मिठागराइतकी चांगली जागा माहीत नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, हे पुस्तकात वाचता येतं. पण उधाणाचं पाणी बांधाआड घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत उन्हात आटवायचं आणि ते जेमतेम दहावा हिस्सा उरलं की मिठाचा दाणा धरू लागतो, हे तिथे उभं राहूनच कळतं. घाई केली तर दाणा धरत नाही. फार वेळ ठेवलं तर मागे राहिलेले मॅग्नेशियमचे क्षार मिठात उतरतात आणि मीठ कडवट होतं. इथे आपलं मत काय आहे याला काही किंमत नाही. पाणी काय सांगतं ते बघावं लागतं. पावसाळ्यात तर काम बंदच, शिवाय तेव्हा खाडीत डोंगरावरून आलेलं गोडं पाणी मिसळतं. आगरी घरातल्या लहान मुलालाही हे सांगावं लागत नाही.

म्हणूनच २००६ सालचा ऑगस्ट मी प्रत्येक वर्गाला सांगतो. १८ तारखेच्या रात्री बातमी पसरली की माहीमला समुद्राचं पाणी गोड झालं. हजारो लोक किनाऱ्यावर धावले. बाटल्या भरल्या, लहान मुलांना पाजलं, आजाऱ्यांसाठी घरी नेलं. मिठी नदी जिथे आपली सगळी घाण घेऊन समुद्राला मिळते, तिथलं ते पाणी. महापालिका पिऊ नका म्हणून सांगत होती. आयआयटी मुंबईतल्या भूशास्त्रज्ञांनी कारणही दिलं: जोराच्या पावसानंतर नदीतून आलेलं गोड्या पाण्याचं मोठं थारोळं खाऱ्या पाण्यात मिसळायच्या आत किनाऱ्याशी रेंगाळलं असावं.

मुलं हसतात. मी त्यांना हसू देत नाही. बाटली भरून नेणारी बाई मूर्ख नव्हती. तिच्या घरात कुणीतरी बरं होत नव्हतं, आणि तिने ते पाणी स्वतः चाखलं होतं. पाणी खरंच कमी खारट होतं! निरीक्षण बरोबर, निष्कर्ष चूक. चिकित्सक विचाराचं सगळं शिक्षण या दोहोंमधल्या फटीत असतं. भर पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी पाणी गोडसर लागलं तर त्याचं आणखी काय कारण असू शकेल, एवढंच विचारायचं राहून गेलं. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर हेच विचारत गावोगाव फिरले, श्रद्धेने आलेल्या माणसाशी शेवटपर्यंत आदराने बोलत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. प्रश्न विचारणं हे तासापुरतं कौशल्य आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्यापुढे मी ही तारीख ठेवतो.

मिठाचा आणखी एक धडा आहे, तो थोडक्यात सांगतो. १९३० साली याच किनारपट्टीवर, वडाळ्याला आणि खाली शिरोड्याला, माणसांनी मिठागरात शिरून लाठ्या खाल्ल्या. मीठ उचलणं तेव्हा कायद्याने गुन्हा होता. कायदेशीर आणि न्याय्य यांत अंतर असू शकतं, हे समजवायला ग्रीसपर्यंत जावं लागत नाही.

आणि मग गाडी मुर्ध्याला आली, तीही खरीखुरी.

दहिसरहून मीरा-भाईंदरला येणाऱ्या मेट्रो ९ची कारशेड आधी राई-मुर्धा-मोर्वा या गावांच्या हद्दीत ठरली होती. ग्रामस्थांनी विरोध केला. पिढ्यान्‌पिढ्यांची घरं आणि जमिनी जाणार होत्या. विरोध टिकला, आणि कारशेड पुढे डोंगरीला, सरकारी जमिनीवर सरकवण्यात आली. २०२५ साली तिथली दहा हजारांहून जास्त झाडं काढण्याचा प्रस्ताव पुढे आला. पेच फूटबाईंचाच, पण इथे रूळ अजून टाकायचे होते आणि बोलायला वेळ होता.

वर्गात हा विषय काढला की आधी घोषणा येतात. ‘मेट्रोला विरोध म्हणजे विकासाला विरोध.’ ‘झाड तोडणारा तो गुन्हेगार.’ मी दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहितो आणि दोन्ही पुसायला लावतो. भाईंदरहून सकाळच्या लोकलला लटकत जाणाऱ्या माणसाला मेट्रो हवी आहे, आणि त्याची गरज चैनीची नाही. एकही झाड कधी तोडू नये असं मानणारा माणूस शहरात राहूच शकणार नाही. तेव्हा प्रश्न नीट विचारा. दुसरी कोणती जागा तपासली? ती का नाकारली, आणि तो कागद कुठे आहे? तोडलेल्या झाडांच्या बदल्यात नवी लावू म्हणतात, ती कुठे? पाच वर्षांनी त्यांतली किती जगली हे कोण मोजणार? डोंगराच्या उतारावरचं जंगल आणि दूर कुठेतरी खड्ड्यांत ओळीने लावलेली रोपं यांची संख्या सारखी असली तर दोन्ही सारखीच का? तिथून पावसाचं जे पाणी खाली गावांत येतं, त्याचं पुढे काय होणार?

यानंतरचा प्रश्न मुलांना अवघड जातो, कारण तो त्यांच्या घराकडे येतो. अख्ख्या मीरा-भाईंदरचा कचरा आधीच उत्तनजवळच्या धावगीच्या डोंगरावर जातो. वास, धूर आणि काळं पाणी तिथल्या कोळ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या वाट्याला. त्याच पट्ट्यावर मग कारशेडही ठरली. जिथे माणसं कमी आणि मतं कमी, तिथे ओझं सरकतं. नकाशावर ती जागा ‘मोकळी’ दिसते, एवढंच.

मुर्ध्याने विरोध केला तो योग्यच होता, असं माझं ठाम मत आहे. गावठाणातल्या माणसाला आपलं घर राखायचा हक्क आहे. पण आपल्या गावावरून गाडी वळली म्हणजे न्याय झाला, हे मला मान्य नाही. आपण जे कारण देऊन वाचलो, तेच कारण शेजारचं गाव देत असेल तर त्याच्या बाजूला उभं राहावं लागतं. तसं केलं नाही, तर आपलं कारण तत्त्वाचं नव्हतं, फक्त सोयीचं होतं. तत्त्वज्ञ कांटने जड भाषेत जे सांगितलं त्याचा गाभा मला इथे मुर्धा आणि डोंगरी यांच्यामधल्या पाच-सात किलोमीटरांत सापडतो.

मे. पुं. रेगे यांच्यासारख्या प्राध्यापकाने मुंबईच्या कीर्ती कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं आणि मराठीत ते स्वच्छ लिहिलं. आपल्या भाषेत हा विचार होऊ शकतो की नाही ही शंका त्यांच्या पिढीने कधीच मिटवली आहे. उरतो तो आपला आळस. नीतीच्या पेपरात ‘सदाचाराचे महत्त्व लिहा’ असा प्रश्न घालू नका, अशी माझी सहकाऱ्यांना विनंती आहे. मुलांना वृक्षतोडीची एक जाहीर नोटीस द्या. तिच्यातले दावे तपासून, दोन्ही गावांना भेटून, स्वतःच्या सहीने हरकत किंवा पाठिंबा लिहायला सांगा. गुण कोणती बाजू घेतली याला नकोत, कारणांना द्या. आणि परीक्षा झाल्यावर तो कागद गठ्ठ्यात बांधून ठेवू नका, पालिकेत नेऊन द्या. कायद्याने त्यासाठी सात दिवसांची मुदत असते.