पोलादपूरच्या गारा

"पोलादपूरला गारा गोळा करायला चाललो आहे," असे मी घरात जाहीर केले, तेव्हा सौभाग्यवतींनी आधी खिडकीतून आभाळाकडे पाहिले. डिसेंबरचे दिवस, आभाळ निरभ्र. पण मला हव्या होत्या त्या गारा आभाळातल्या नव्हेत, जमिनीतल्या. लहानपणी आपण खिशात भरत असू त्या गारगोट्या. शाळेत जाणाऱ्या भाच्याला स्फटिकांचे वेड लागले आहे म्हणून मामाला जावे लागते, असा मी बहाणा केला. वेड कोणाचे, हे घरात सर्वांना ठाऊक होते.

पहिला मुक्काम महाडला, आत्याकडे. आत्या मूळची पोलादपूर तालुक्यातल्या डोंगरकुशीतल्या गावची. 2021 च्या जुलैपासून ती महाडात मुलापाशी राहते. त्या 22 जुलैला महाड तालुक्यातल्या तळियेवर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. आत्याचे घर वाचले. घरामागचे वरकस शेत मात्र तेवढे खाली ओढ्यात गेले. आम्ही निघताना ती म्हणाली, "अरे, गावाकडे जातोयस तर आमच्या वरकसातली एक गार घेऊन ये. पांढरी. कसलीही चालेल."

मी हो म्हटले आणि लगेच विसरलो.

पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाला लागले, की रस्त्याच्या कडेला कापलेला काळा पत्थर दिसू लागतो. हा सगळा थिजलेला लाव्हा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी तो थरावर थर वाहत आला. या थरांच्या गटांना भूवैज्ञानिकांनी जी नावे दिली आहेत, त्यांत पोलादपूर आहे, त्यावर आंबेनळी आहे आणि त्याच्याही वर महाबळेश्वर. एस.टी. ज्या क्रमाने चढते, जवळजवळ त्याच क्रमाने! आपल्या तालुक्याचे नाव परदेशातल्या भूशास्त्राच्या पुस्तकांत छापलेले असते, हे गाडीतल्या कुणाच्या गावीही नव्हते. भाच्याने मात्र पाठीमागच्या बाकावरच्या आजोबांना ते दोनदा सांगितले.

तापलेल्या लाव्ह्यातून वायू सुटतात. वरचा भाग थिजला की त्यांचे बुडबुडे आतच अडकतात. आंबोळीला जाळी पडते, अगदी तशी. पुढे या जाळीत पाणी झिरपते. दगडातली सिलिका विरघळवून आणते आणि पोकळीच्या भिंतींवर बसवते. अगदी बारीक कणांचे पट्टे बसत गेले तर अकीक होतो. मध्ये मोकळी जागा उरली तर तिथे सहा पैलूंचे, टोकदार स्फटिक आतल्या बाजूला तोंड करून वाढतात. बाहेरून पाहावे तर बटाट्यासारखा ओबडधोबड गोळा! महाडजवळ सव येथे सावित्रीकाठी ऊन पाण्याचे झरे आहेत. या गारा घडवणारे पाणी ते नव्हे; पण जमिनीखाली ऊन पाणी असते, हे मुलाला पटवायला तेवढे पुरते.

आत्याच्या गावी पोचलो तेव्हा उन्हे डोक्यावर आली होती. शेत कुठे होते ते कळेना. घरामागे तांबडी, ओरबाडलेली उतरण, तिच्यावर कमरेएवढे गवत, आणि खाली ओढ्यापर्यंत मातीचा लोंढा पसरलेला. काळा दगड आपल्याला वज्रासारखा वाटतो, पण कोकणच्या पावसापुढे तोही हळूहळू कुजतो आणि त्याची माती होते. ही माती पाणी पीत जाते, जड होते, आणि एखाद्या रात्री खालच्या खडकावरून सुटते. दगड कुजतो, गार कुजत नाही. चाकूच्या पात्यावर ओरखडा काढणारी ती. पाऊस तिचे काय करणार? म्हणून त्या लोंढ्यात जिकडेतिकडे पांढरे ठिपके दिसत होते. कधीकाळी बुडबुडा होता, म्हणजे काहीच नव्हते, तेवढेच दगडातून शिल्लक राहिले होते.

भाच्याला ओढ्यात नारळाएवढा गोळा सापडला. हलवला तर हलका वाटला. "मामा, मी फोडू?" तो म्हणाला. मी मोठ्या माणसाच्या थाटात हातोडी स्वतःकडे घेतली आणि एक घाव जरा जोरातच घातला. आत स्फटिकांची झगमग होती खरी. पण अर्धी क्षणात चुरा होऊन ओढ्यात गेली. पोर काही बोलले नाही. उरलेला अर्धा भाग त्याने आपल्या स्वेटरमध्ये गुंडाळला आणि परतीच्या वाटेवर मला हात लावू दिला नाही.

रात्री महाडला आम्ही तो आत्यापुढे ठेवला. तिने चष्मा लावून पाहिला, "छान आहे हो," म्हणाली, आणि विचारले, "माझी गार?"

माझा चेहरा पडला. तेवढ्यात भाच्याने खिशातून दोन पांढऱ्या गारा काढल्या. ओबडधोबड, मातीने माखलेल्या. "आजी, या तुझ्या शेतातल्या. खाली ओढ्याजवळ मिळाल्या."

आत्याने त्या पदराने पुसल्या. तिचे सासरे चकमक झाडत ती याच शेतातल्या गारेवर, सावरीचा कापूस धरून. काड्यापेटीला पैसे नसत तेव्हा. गार आणि पोलाद एकत्र आले की ठिणगी पडते, आणि गावाचे नाव तर पोलादपूर! हा विनोद मला सुचला होता, पण त्या वेळी बोलवेना.

"दिवा घालव रे," ती भाच्याला म्हणाली.

अंधार झाला. तिने गारेवर गार घासली. पहिल्यांदा काही नाही. मग दोन्ही दगडांच्या आत, जिथे ते एकमेकांना घासत होते तिथे, पिवळसर उजेड हलला. ठिणगी उडाली नाही. दगडच आतून उजळला आणि विझला. खोलीत तो ओळखीचा जळका वास पसरला. आगीवाचून उजेड कसा, हे भाच्याने विचारले, आणि घासण्याने गारेतूनच प्रकाश निघतो, पाण्यात बुडवून घासली तरी निघतो, असे मी त्याला सांगू लागलो. आत्याचे लक्ष नव्हते. ती घासतच होती.

"आणखी एकदा, आजी," भाचा म्हणाला.