समुद्रातला पहिला तास

झाशीत मुलगी म्हणून वाढण्याची एक अडचण आहे. कुठेही पाऊल जरा मागे घेतले की कोणीतरी हमखास म्हणते, "अरे, तू तो झाँसी की रानी है!" कौतुक करतानाही हेच म्हणतात आणि टोमणा मारतानाही हेच.

गेल्या सप्टेंबरमध्ये मी हे वाक्य ऐकले ते आपल्या शाळेच्या तरण तलावात. त्या दिवशी तीन मीटरच्या डायव्हिंग बोर्डावरून उडी मारायची होती. मला पोहता येते, चारशे मीटर न थांबता येते. मी शिडी चढले, बोर्डाच्या टोकापर्यंत गेले, खाली पाहिले, आणि वळून शिडीने खाली उतरले. रांगेत माझ्या मागे सतरा जण होते. त्या सगळ्यांना बाजूला सरकून मला वाट द्यावी लागली. तेव्हा कोणीतरी ते वाक्य म्हटले, आणि पुढचे दोन महिने ते माझे नावच झाले.

किल्ल्यात आपण सगळेच सहलीला जाऊन आलो आहोत. दामोदररावाला पाठीशी बांधून राणीने घोड्यावरून जिथून उडी घेतली म्हणतात, ती जागाही पाहिली आहे. तिथे फलक लावला आहे. त्या तटावरून खाली डोकावले की पोटात गोळा येतो. अशी उडी खरेच घेतली गेली का, यावर इतिहासकार वाद घालतात. माझ्या उडीबद्दल वादाला जागाच नव्हती. ती झाली नव्हती आणि सगळ्यांनी ते पाहिले होते.

बाबांना हे कोणाकडून तरी कळलेच. ते काही बोलले नाहीत. सुभेदार माणूस, घरात कमी बोलतात. पण एरवी गणितात दोन गुण कमी पडले तरी विचारतात. या वेळी विचारले नाही, हे मला जास्त लागले.

मे महिन्यात बाबांना रजा मिळाली. झाशीत तेव्हा दुपारी अंगणातला नळ सोडला तर पाणी चहाला चालेल इतके गरम येते. गोवा एक्सप्रेसने बेळगाव, तिथून गडहिंग्लजजवळचे आमचे गाव, हा दरवर्षीचा ठरलेला रस्ता. या वेळी तिथून आजरा आणि आंबोलीमार्गे मावशीकडे म्हापशालाही गेलो. मावशीने विचारले, "काय करायचं गं गोव्यात? चर्च बघायची की बीच?" मी म्हणाले, "मला सर्फिंग शिकायचंय." आईच्या हातातली सोलकढीची वाटी तशीच राहिली. खरे सांगायचे तर ते माझ्या तोंडून कसे निघाले, मलाही कळले नाही. टोकियो ऑलिम्पिकपासून सर्फिंग ऑलिम्पिकमध्ये आहे, एवढे सामान्यज्ञानाच्या वहीत लिहिलेले होते. बाकी ध्यानचंदांच्या गावातल्या मुलीचा आणि लाटांचा काय संबंध!

मावशीने चौकशी केली. पाच-सहा जणांच्या गटात शिकता येत होते, किंवा एकटीला शिक्षक मिळत होता. एकटीचे पैसे जवळपास दुप्पट. मी एकटीची शिकवणी मागितली. आईला वाटले, नीट शिकायचे आहे म्हणून. खरे कारण वेगळे होते. मला पडताना कोणी बघायला नको होते. त्याच कारणाने मी बाबांना आदल्या रात्री म्हणाले, "तुम्ही आलात तरी चालेल, पण बघायचं नाही." बाबा म्हणाले, "बरं."

सकाळी साडेसहाला आम्ही आश्वेच्या किनाऱ्यावर होतो. मे महिन्यात दुपारनंतर वारा वाढतो आणि समुद्र खवळतो, म्हणून शिकवणी सकाळची. बाबांनी सुरूच्या झाडांकडे तोंड केले, समुद्राकडे पाठ केली आणि वाळूत चटई टाकून बसले. शब्द म्हणजे शब्द.

माझे शिक्षक तिशीचे असावेत, उन्हाने केस तांबूस झालेले. मी सवयीने टाचा जुळवून "गुड मॉर्निंग, सर" म्हणाले. ते हसले. "सर नहीं. अण्णा बोलो." त्यांचे गाव तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, घर मच्छीमारांचे. लहानपणी ते वडिलांच्या कट्टुमरमवरून मासे घेऊन लाटेवरूनच किनाऱ्याला लागायचे. कट्टुमरम म्हणजे एकत्र बांधलेले ओंडके. इंग्रजीतला कॅटामरान हा शब्द तिथूनच आलेला. "तब मालूम नहीं था इसको सर्फिंग बोलते," अण्णा म्हणाले.

मला वाटले होते, लगेच पाण्यात जायचे. पण आधी दहा मिनिटे आम्ही नुसते उभे राहून समुद्र बघितला. अण्णांनी विचारले, "कहाँ से अंदर जाओगी?" मी विचार करून बोट दाखवले. दोन्ही बाजूंना लाटा फेसाळत होत्या आणि मध्ये एक पट्टा शांत होता. मी तोच दाखवला. अण्णांनी मान हलवली. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेले पाणी परत समुद्रात जाण्यासाठी वाट काढते; ती वाट खोल असते, म्हणून तिथे लाट फुटत नाही आणि जागा शांत दिसते. माणसाला आत ओढून नेते ती हीच जागा. तिच्यात सापडलो तर किनाऱ्याकडे झगडत पोहायचे नाही, किनाऱ्याला समांतर पोहून आधी त्या पट्ट्यातून बाहेर पडायचे. मित्रांनो, सुट्टीत समुद्रावर जाणार असाल तर बाकीचे विसरलात तरी चालेल, हे लक्षात ठेवा. आणि जीवरक्षकांनी लाल-पिवळे झेंडे लावले असतील तर पाण्यात उतरायचे ते त्या दोन झेंड्यांच्या मध्येच.

मग मला पाठमोरी उभी करून अण्णांनी न सांगता हलकेच ढकलले. तोल सावरायला माझा उजवा पाय पुढे पडला. "गूफी!" ते म्हणाले. मला वाटले चिडवताहेत. पण सर्फिंगमध्ये डावा पाय पुढे ठेवणारे ते रेग्युलर आणि उजवा पुढे ठेवणारे ते गूफी. आपले ड्रिलचे उस्ताद सहा वर्षे माझा डावा पाय आधी टाकून घेत आहेत. शरीराने मात्र एका धक्क्यात उजवा निवडला. मागे राहणाऱ्या डाव्या पायाच्या घोट्याला लीशचा पट्टा बांधला. लीश म्हणजे फळीला जोडलेली लांब दोरी. आपण पडलो तरी फळी दूर जात नाही.

फळी नऊ फुटी, वरून मऊ फोमची. वाळूवर तिच्यावर पालथे पडायचे, हातांनी वल्हवायचे, तळवे बरगड्यांजवळ टेकून छाती उचलायची आणि एका झटक्यात पाय खाली घेऊन उभे राहायचे. मी चाळीस पुश-अप मारते. मला वाटले, हे तर आपलेच काम. मी धाडकन उठले. अण्णा म्हणाले, "आर्मी नहीं. बिल्ली." पुन्हा उठले. "अभी भी आर्मी." उभी राहिले की माझे गुडघे ताठ आणि नजर पायांकडे. नजर जिकडे, तिकडे फळी जाते. खाली बघितले की खालीच जायचे. वाळूवर वीसेक वेळा हे झाल्यावर अण्णांनी खूण केली, चला.

कमरेइतक्या पाण्यात गेल्यावर त्यांनी फळी धरून सांगितले, "अब खड़ा नहीं होना. गिरना है."

अर्धा तास मी फक्त पडले. पडण्याचीही रीत असते, हे मला माहीत नव्हते. उथळ पाण्यात डोके पुढे करून सूर मारायचा नाही, पायांवर जोराने उतरायचेही नाही. बाजूला किंवा मागे, पसरट, गादीवर अंग टाकावे तसे पडायचे. पाण्याखाली गेले की दोन्ही हात डोक्याभोवती. घाईने वर यायचे नाही, कारण फळी डोक्यावर असू शकते. आधी हात वर, मग डोके. फळी कधीही आपल्या आणि लाटेच्या मध्ये धरायची नाही, नाहीतर लाट ती तोंडावर आणून आदळते. ही शेवटची सूचना मी एकदा विसरले. नाकाला तीन दिवस लागले.

अकरावीच्या भौतिकशास्त्रात आपण शिकलो की लाटेबरोबर ऊर्जा पुढे जाते, पाणी जवळपास जागच्या जागी फिरते. हे वाक्य मी परीक्षेत लिहून गुणही मिळवले आहेत. पण दूरच्या वाऱ्याने उठवलेली ती लाट उथळात येते, तिचा तळ अडखळतो, माथा पुढे जातो, आणि पाण्याची खोली तिच्या उंचीच्या सव्वा-दीड पटीवर आली की ती कोसळते. तिथून पुढे मात्र पाणी खरेच धावते आणि आपल्यालाही नेते. अण्णा लाटेला "अलै" म्हणत. "अलै आती है" असे ओरडले की मी पालथी पडायची, ते फळी ढकलायचे, मी उठायची आणि पडायची.

चार-पाच वेळा पडल्यावर किनाऱ्यावरून मोठ्याने हसणे ऐकू आले. तिथे वीस-पंचवीस जण रापण ओढत होते. माझ्या कानशिलात तेच जुने गरम झाले, बोर्डावरचे. मी अण्णांना म्हणाले, "थोडं थांबूया." आम्ही फळी घेऊन बाहेर आलो. मला राहवले नाही. मी रापणीजवळ जाऊन एका आजींना विचारले, "माझ्यावर हसत होता का हो?" त्यांना आधी कळेचना. मग त्यांनी बोट दाखवले. एक कुत्रा जाळ्यातला बांगडा तोंडात धरून दूर उभा होता आणि दोन पोरे त्याच्या मागे धावत होती. आजी म्हणाल्या, "तू खंय आशिल्लें गो?" तू कुठे होतीस म्हणून त्या मलाच विचारत होत्या! इतका वेळ त्यांच्यासमोर मी समुद्रात आपटत होते आणि त्यांनी मला पाहिलेही नव्हते. त्यांचे लक्ष जाळ्यात होते. सुटका झाल्यासारखे वाटले आणि, कबूल करते, थोडे वाईटही वाटले.

परत पाण्यात जाताना मी अण्णांना विचारले, "आप भी गिरते हो?" त्यांनी आश्चर्याने पाहिले. "सुबह से, तुम्हारे आने से पहले, ग्यारह बार."

त्यानंतरची तिसरी की चौथी लाट. ढकलल्याचे कळले, फळीखाली पाणी धावू लागले, हात टेकले, आणि मी उभी होते. कशी ते सांगता येणार नाही. समोर वाळू, सुरूची झाडे, त्यांच्या अलीकडे बाबांची पाठ. हे सगळे सरळ माझ्याकडे येत होते. आनंदाच्या भरात मी काय केले असेल? सावधान उभी राहिले. गुडघे ताठ, हात बाजूला. पुढच्या क्षणी पाण्याखाली होते. वर आले तेव्हा अण्णा कमरेइतक्या पाण्यात हसत होते आणि कडक सलाम ठोकत होते.

तास संपेपर्यंत आणखी दोनदा उभी राहिले, गुडघे वाकवून. सगळ्यात लांबची वेळ चार-पाच सेकंदांची असेल. मावशीने व्हिडिओ काढले होते. त्यात मी फक्त पडताना दिसते, कारण उभी राहिले तेव्हा ती शहाळे आणायला गेली होती.

बाबा चटई झटकत होते. त्यांनी मागे वळून पाहिले नव्हते.

"उभी राहिलीस?"

"हो."

"किती वेळ?"

"चार सेकंद. पाच असतील."

बाबांनी मान हलवली. गाडीकडे जाताना नऊ फुटांची फळी असते तरी केवढी, ती जड असते का, मीठ डोळ्यांत जाते का, असे काहीबाही विचारत राहिले. इतके प्रश्न त्यांनी मला एका दिवसात कधी विचारले नव्हते. शेवटी म्हणाले, "पुढच्या वेळी बघितलं तर चालेल का?"

जुलैत शाळा सुरू झाली. पहिल्याच शनिवारी पोहण्याचा तास आणि डायव्हिंग बोर्ड. मी शिडी चढत असताना ते वाक्य खालून आलेच, आवाज ओळखीचा होता. टोकाला उभी राहिले. समुद्रात मी तीन मीटरवरून पडले नव्हते. पाणी तेवढेच दूर होते आणि पोटातला गोळाही तोच होता. किती वेळ उभी होते, माहीत नाही. मग उडी मारली. उडी कसली, आडवी पडलेच. पोट सपकन पाण्यावर आपटले, नाकात पाणी गेले, आणि वर आले तेव्हा सगळे हसत होते. या वेळी माझ्यावरच. उस्ताद काठावरून ओरडले, "टाँगें सीधी! फिर से!" मी पुन्हा रांगेत लागले. त्या तासात चार उड्या झाल्या. त्यातली एक बरी होती.

संध्याकाळी क्वार्टरमध्ये आईला माझे लाल झालेले पोट दिसले. "अगं, हे काय झालं?"

मी काही म्हणायच्या आधी बाबा वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, "काही नाही. पाणी लागलंय तिला."