दुसऱ्या राज्याची सनद

माझी पुतणी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात वकिली करते. तिच्या कचेरीसमोर हडसन नदी आणि पलीकडच्या तीरावर न्यूयॉर्क शहर. नदीखालून जाणारी रेल्वे काही मिनिटांत तेथे पोहोचविते. परंतु न्यू जर्सीच्या सनदेवर न्यूयॉर्कमध्ये वकिली थाटता येत नाही. त्यासाठी त्या राज्याची स्वतंत्र सनद लागते. मला याचे नवल वाटले. आपल्याकडे 1961 च्या अधिवक्ता कायद्यानुसार वकिलाचे नाव एकाच राज्याच्या बार कौन्सिलच्या पटावर असते आणि त्या कायद्याचे कलम 30 दिनांक 15 जून 2011 पासून अमलात आल्याने त्याच नोंदणीवर देशभर वकिली करण्याचा हक्क मिळतो.

“मग पुन्हा परीक्षा द्यायची?” मी दूरध्वनीवर विचारले. तिने समजावून सांगितले. दोन्ही राज्ये दोन दिवसांची, 400 गुणांची एकच समान परीक्षा मानतात. उत्तीर्ण होण्यास 266 गुण लागतात. परीक्षेनंतर तीन वर्षांच्या आत तेच गुण न्यूयॉर्ककडे वर्ग करता येतात. शिवाय त्या राज्याच्या कायद्यांवरील 50 प्रश्नांची चाचणी आणि 50 तासांची विनामूल्य कायदेसेवा आवश्यक असते. हे सर्व तिने पूर्ण केले होते. राहिला होता तो चारित्र्य व योग्यता यांविषयीचा अर्ज.

त्या अर्जात थकलेल्या कर्जांविषयीही माहिती द्यायची होती. येथेच आमची गाडी अडली. तिच्या शैक्षणिक कर्जाला मी जामीनदार होतो. न्यू जर्सीची सनद मिळाल्यानंतरच्या वर्षी माझ्या धाकट्या बंधूंची हृदयशस्त्रक्रिया झाली. पोरीने पगारातील होते नव्हते ते रुग्णालयासाठी पाठविले आणि कर्जाचे चार हप्ते चुकले. 90 दिवस उलटले की खाते अनुत्पादक ठरते, हे मी उभ्या हयातीत शेकडो कर्जदारांना बजावले होते. परंतु घरच्या धावपळीत जामीनदार म्हणून माझेच भान सुटले. पुढे सव्याज रक्कम भरली, थकबाकी नसल्याचा दाखलाही मिळाला.

मी तिला म्हणालो, “कर्ज फिटले, दाखला हाती आहे. आता जुनी खपली कशाला काढतेस?”

ती क्षणभर थांबून म्हणाली, “काका, तुमच्या टेबलासमोर बसून एखाद्या कर्जदाराने असे काही लपविले असते, तर तुम्ही काय शेरा लिहिला असता?”

मला उत्तर सुचले नाही. त्या रात्री झोपही लागली नाही. मी तिच्या भवितव्याची काळजी वाहतो आहे, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मला माझी चूक झाकायची होती. निवृत्त बँक अधिकारी, वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर पदवीधर, आणि ज्याला तो जामीन राहिला ते खाते थकले, ही गोष्ट कोणाच्या कागदावर येऊ नये, एवढीच माझी धडपड होती.

सकाळी मी खातेउतारा, रुग्णालयाची बिले आणि दाखला यांच्या प्रती काढल्या. सोबत पत्र लिहिले. जामीनदार या नात्याने लक्ष ठेवणे माझे कर्तव्य होते व त्यात मी कमी पडलो, हे वाक्य लिहिताना हात जड झाला, पण लिहिले. तिने ते अर्जाला जोडले.

काही महिन्यांनी ऑल्बनी येथील अपील न्यायालयात तिचा शपथविधी झाला. समितीने त्या हप्त्यांविषयी एकच प्रश्न विचारला आणि कागद पाहून पुढचे पान उलटले, असे तिने सांगितले.

आपल्या घरांतील अनेक मुले-मुली आज परदेशी शिकतात, कर्जे काढतात. आपण वडीलधारी मंडळी विश्वासाने जामीन राहतो. ती सही केल्यानंतर दरमहा एकदा खाते पाहावे, आणि चूक झालीच तर ती सांगण्याच्या वेळी मुलांच्या आड येऊ नये, एवढे मी या वयात पुतणीकडून शिकलो. त्या पत्राची प्रत मी माझ्या सेवानिवृत्तीच्या मानपत्राशेजारी जपून ठेवली आहे.