वामनचं कडवं कुणी कापलं?

गेल्या वर्षी 14 एप्रिलच्या रात्री वरूडच्या मिरवणुकीत डीजेपुढे नाचणाऱ्या पोरांपैकी एकाच्या अंगात काळा टी-शर्ट होता. छातीवर गोल शिक्का, मधोमध गरुड, आणि शिक्क्याच्या कडेने इंग्रजीत चार नावं: जॉनी, जोई, डी डी, टॉमी. आम्ही विचारलं, हे कोण रे? तो म्हणाला, "काय माहीत दादा, अमरावतीले घेतला, डिझाईन भारी वाटलं."

तेवढ्यात डीजेच्या गाडीसमोर गडबड झाली. सत्तरी ओलांडलेले एक काकाजी गाडीच्या पुढ्यात उभे राहून हात हलवत होते. आयुष्य संत्र्याच्या मंडीत माल छाटण्यात आणि पेट्या भरण्यात गेलेला माणूस. आम्हाला वाटलं आवाजाचा त्रास झाला असेल. जवळ गेलो तर ते डीजेवाल्यावर ओरडत होते, "अबे, शेवटचं कडवं काहून काटलं? वामनले कुठी टाकलं?"

डीजेवाल्याला काही कळेना. खरं सांगायचं तर आम्हालाही लगेच कळलं नाही. समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या आम्हाला!

वाजत होतं ते वामनदादा कर्डकांचं गाणं. वामनदादा गाण्याच्या शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचे. रिमिक्समध्ये मुखडा असतो, एक अंतरा असतो, मग नुसता ठेका. शेवटच्या कडव्यापर्यंत गाणं पोहोचतच नाही. म्हणजे नाव जातं. गाणं राहतं, गाणं लिहिणारा गायब.

त्या टी-शर्टवरची नावं रमोन्सची होती. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या पोरांनी 1974मध्ये काढलेला हा बँड, पंक रॉकची पायाभरणी करणाऱ्यांपैकी एक. तीन-चार कॉर्ड, दोन-अडीच मिनिटांचं गाणं, उस्तादाकडे वर्षानुवर्षं तालीम करायची गरज नाही. ऐकणाऱ्याला वाटावं की हे आपल्यालाही जमेल, आणि त्याने उद्या स्वतःचा बँड काढावा. चौघं सख्खे भाऊ नव्हते, तरी सगळ्यांनी रमोन हे एकच आडनाव लावलं. (आडनावावरून जात हुंगणाऱ्या देशात राहणाऱ्या आम्हाला ही गोष्ट फार आवडते.) 1996मध्ये बँड थांबला, 2014पर्यंत मूळचे चौघंही गेले. तरी चाहत्यांनी त्यांना सोडलं नाही, आणि बाजारानेही नाही. म्हणून तर एक अक्षर न ऐकलेल्या वरूडच्या पोराच्या छातीवर त्यांची नावं आहेत.

उगाच गौरव नको. रमोन्स काही चळवळीचे नव्हते; त्यातला जॉनी तर उघड उजव्या विचारांचा होता. पंकमधून चळवळीशी नातं जोडणारा बँड पाहायचा तर लंडनचा द क्लॅश. 30 एप्रिल 1978ला व्हिक्टोरिया पार्कमध्ये वर्णद्वेषाविरुद्ध जो मोठा जलसा झाला, त्यात ते वाजवायला उभे राहिले. जलसा हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतोय. आपल्याकडे 1930च्या दशकात भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे गावोगाव हेच काम करत होते. (भीमराव वेगळे, वामनदादा वेगळे. फेसबुकवर दरवर्षी एकाच्या फोटोखाली दुसऱ्याचं नाव येतं, म्हणून सांगितलं.)

आता वामनदादांकडे येऊ. 15 ऑगस्ट 1922ला सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्म. शाळा नाही. मुंबईत मिळेल ती मजुरी. कुणीतरी पत्र वाचायला दिलं आणि ते वाचता आलं नाही, ती लाज मनाला अशी लागली की मोठ्या वयात मुळाक्षरं शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षर पक्कं केलं. 1943पासून गाणी लिहू लागले ते 15 मे 2004ला जाईपर्यंत. हजारो गाणी. 1993मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष हेच, शाळेत न गेलेले वामनदादा.

ज्याच्या बापजाद्यांनी सावकाराच्या कागदावर अंगठेच उठवले, त्याने गाण्याच्या शेवटी 'वामन' लिहिणं म्हणजे सही आहे. 1338मध्ये गेलेला चोखामेळा आज आपल्याला कवी म्हणून माहीत आहे तो कशामुळे? अभंगाच्या शेवटी त्याचं नाव आहे म्हणून. ते शेवटचे चार शब्द गळले असते तर त्याचे अभंग केव्हाच दुसऱ्या कुणाच्या खात्यावर जमा झाले असते.

आता आमची चूक. मागे एका प्रबोधन कार्यक्रमाची पत्रिका आम्हीच छापली होती. गाण्यांच्या यादीत वामनदादांच्या दोन गाण्यांपुढे आम्ही लिहिलं होतं, 'पारंपरिक भीमगीत'. पारंपरिक! सगळ्यांच्या तोंडी आहे, आईच्या तोंडून ऐकलंय, म्हणजे कुणाचंच नाही, असं आम्ही धरून चाललो. ब्राह्मणी व्यवस्था आपल्या कष्टकऱ्यांची, कलावंतांची नावं पुसते असं भाषण आम्ही त्याच मंचावरून ठोकलं, आणि पत्रिका खुर्च्यांवर पडलेली होती. कायद्याने पाहिलं तरी लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे वामनदादांची गाणी 2064 संपेपर्यंत 'कुणाचीच नाहीत' असं म्हणता येत नाही. डीजेवाल्याने कडवं कापलं, ते निदान वेळ वाचवायला. आम्ही तर छापून कापलं.

आपल्यातले काही नोकरदार बांधव मिरवणुकीतल्या नाचाला धिंगाणा म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. वर्षभर संत्र्याच्या बागेत फवारे मारणारं, हमाली करणारं पोरगं एक रात्र बापाच्या वाढदिवसाला नाचलं तर कुणाचं काय बिघडलं? पंकच्या मैफलीतली पोरं काय मांडी घालून बसत होती? नाचाशी आमचं भांडण नाही. भांडण कात्रीशी आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही काकाजींच्या घरी गेलो. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून वही काढली. पुठ्ठ्याला बांधलेली, कडा खाल्लेली. त्यांनी वामनदादांना कधीच पाहिलं नाही. गायनपार्ट्या यायच्या, रात्रभर कव्वालीचा सामना चालायचा, हे मंडीतून थेट तिकडे जायचे आणि कंदिलाजवळ बसून उतरवून घ्यायचे. पुढे कॅसेट आल्या, मग एकेक ओळ थांबवून, मागे घेऊन, पुन्हा ऐकून लिहिलं. एक कॅसेट तर मागे घेऊन घेऊन तुटली, ती नेलपॉलिशने चिकटवली. बायकोने नेलपॉलिशचे पैसे मागितले, ते अजून दिले नाहीत म्हणे.

वहीत प्रत्येक गाण्याच्या शेवटी 'वामन' या शब्दाखाली लाल रेघ आहे. आम्ही विचारलं, रेघ कशाला? म्हणाले, "गाणारे लय हरामी असतात. वामनले काढून आपलं नाव घालतात. माह्या वहीत तरी नाई जमणार."

तेव्हापासून आम्ही वह्या शोधतोय. वरूड, शेंदूरजनाघाट, बेनोडा, लोणी. आतापर्यंत अकरा मिळाल्या. एका घरी वही रद्दीत गेली होती. आम्ही आठ दिवस उशिरा पोहोचलो. दुसऱ्या घरी सुनेने पाठच्या पानांवर किराण्याचा हिशेब लिहिला होता, तरी गाण्याचं एकही पान फाडलेलं नव्हतं. तीन गाणी अशी सापडली की एका वहीत शेवटी वामनचं नाव आहे आणि दुसरीत तिथे भलत्याच गायकाचं. काकाजी म्हणतात वामनचीच. आम्ही म्हणतो, छापील संग्रहाशी ताडून पाहिल्याशिवाय नाही. यावरून आमचं आणि त्यांचं दोनदा वाजलंय. त्यांच्या प्रेमावर आमचा विश्वास आहे, पण प्रेम हा पुरावा नाही, हेही आम्हाला बाबासाहेबांनीच शिकवलं.

यंदाच्या जयंतीआधी आम्ही बंद पडलेल्या एका पॅकिंग शेडमध्ये काकाजींच्या आवाजात पाच गाण्यांची शेवटची कडवी मोबाईलवर रेकॉर्ड केली. डीजेवाल्या पोराने ती रिमिक्सला जोडून दिली, पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाला की काकाजींचा श्वास मधे फार ऐकू येतो. मिरवणुकीत त्यातली दोनच वाजली, मग पेनड्राइव्ह अडकला. काकाजींचं म्हणणं, ठेका फार जलद लावला. पुढच्या वर्षी ते स्वतः गाडीत बसणार आहेत.

तो टी-शर्टवाला पोरगा आता वह्यांचे फोटो काढायला आमच्यासोबत येतो. रमोन्सचं एक गाणं त्याला ऐकवलं. दोन मिनिटांत संपलं तर म्हणाला, "हेबी कोणी काटलं का दादा?"

मोर्शी, अचलपूर, आकोट, मूर्तिजापूर, कुठेही असाल, घरात आजोबांची किंवा आजीची गाण्याची वही असेल तर रद्दीवाल्याच्या आधी आम्हाला कळवा. वही तुमच्याकडेच राहील, आम्ही फक्त फोटो काढू. वादाच्या तीन गाण्यांसाठी आणखी दोन-तीन वह्या तरी हव्या आहेत.

जय भीम!