डॉक्टर नाही, पण आरोग्याचंच शिक्षण

आपल्या मोहल्ल्यात मुलीनं बारावी सायन्स केलं की प्रश्न ठरलेला असतो, ‘नीटला किती पडले?’ कमी पडले तर बीयूएमएस. तेही जमलं नाही तर डीएड, नाहीतर लग्न. आरोग्याच्या क्षेत्रात डॉक्टर आणि नर्स सोडून आणखीही कुणाची गरज असते, हे फारसं कुणी सांगत नाही. मी उर्दू-मराठी शिकवणारा माणूस, पण पालक सल्ला विचारायला येतात तेव्हा मी एमपीएचचं, म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थचं नाव घेतो.

हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. मुंबईत देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत तो आरोग्य धोरण, अर्थशास्त्र आणि वित्त या विषयांत करता येतो. त्यासाठी एमबीबीएस असावं लागत नाही. डॉक्टर समोरच्या पेशंटला तपासतो. इथे मात्र एकाच वस्तीतली इतकी मुलं एकदम आजारी का पडली, पैसा कुठे खर्च झाला आणि कुठे पोचलाच नाही, हे शोधायला शिकवतात.

देवनारला लागूनच गोवंडी आहे. २०२२ च्या अखेरीस तिथे गोवराची साथ आली. भिवंडी, मालेगावातही मुलं आजारी पडली. गोवराची लस सरकारी केंद्रात फुकट मिळते. नऊ महिने पूर्ण झाल्यावर पहिला डोस, १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दुसरा. साथ रोखायची तर शंभरातल्या ९५ मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत. मग फुकटची लस मुलांपर्यंत का पोचली नाही? ‘लोक अडाणी आहेत’ असं म्हणून मोकळं होणं सोपं असतं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी तसं म्हणून मोकळी होत नाही. लूमच्या गावातली मुलगी. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, समाजशास्त्रात बीए, मग एमपीएच. आता लसीकरणाचं काम बघते. एकदा तिनं पत्रक पाठवलं, “सर, उर्दू जरा बघून द्याल?” मराठीत ‘गोवर’, उर्दूत ‘खसरा’. उर्दूत लसीला ‘टीका’ म्हणतात, मराठीत टीका म्हणजे दोष काढणं. मी शब्द नीट केले. तिची नजर मात्र शब्दांच्या पुढे गेली होती. ती म्हणाली, “सर, पेंटाव्हॅलंटच्या सुईनंतर पोराला एखादा दिवस ताप येतो. आईची मजुरी बुडते. मग ती गोवराच्या लसीला येतच नाही.” गल्लीगल्लीची यादी करून तिनं हे वरिष्ठांना दाखवलं. लूमना शुक्रवारी सुट्टी असते, म्हणून लस गुरुवारी संध्याकाळी ठेवा, असं सुचवलं. ते मान्य झालं. हा विचार तिला या पदवीनं दिला. मोहल्ला कसा जगतो, हे मात्र ती घरूनच शिकून गेली होती.

आता दुसरी बाजू. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्य अभियानात, संशोधन संस्थांत, आरोग्य विमा योजनांत, स्वयंसेवी संस्थांत या पदवीवर कामं मिळतात. पण बरीचशी कंत्राटी. माझ्या विद्यार्थिनीचंही तसंच आहे, मुदत संपत आली की घरात काळजी सुरू होते. पगार सहसा डॉक्टरपेक्षा कमी. काही खासगी कॉलेजांची फी ऐकून बाप गप्प होतो. म्हणून प्रवेश घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. गावात-वस्तीत जाऊन किती काम करायला लावतात? आधीची मुलं आज कुठे आहेत? शिष्यवृत्ती कोणती मिळेल?

एवढं करूनही मी हे नाव सुचवत राहणार. जिल्ह्याच्या बैठकीत आपल्या वस्तीचे आकडे निघतात आणि कुणीतरी म्हणतं, “हे लोक येतच नाहीत.” तेव्हा “का येत नाहीत, ते मी घरोघरी जाऊन मोजून आणलंय,” असं सांगणारी आपली एखादी मुलगी तिथे बसलेली असायला हवी.