सुटे भाग

१.
१९६८. जर्मनीतलं गार्मिश, नाटोची सॉफ्टवेअर परिषद. डग मॅकिलरॉय यांची मागणी: प्रोग्रामचेही सुटे भाग बनावेत, यादी बघून उचलता यावेत.

२.
१९९८. अमेरिकेतल्या सरकारी प्रयोगशाळा आणि काही विद्यापीठं एकत्र येऊन ‘कॉमन कंपोनंट आर्किटेक्चर’चा मंच काढतात. मधे तीस वर्षं.

३.
नियम सुटसुटीत. प्रत्येक घटकाला दोन तऱ्हेचे पोर्ट: मी काय देतो, मला काय लागतं. आतलं कुणी विचारायचं नाही. वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मातही हेच दोन रकाने.

४.
सी भाषा मोजायला ० पासून लागते, फोरट्रान १ पासून. सी कोष्टक आडव्या ओळींनी साठवते, फोरट्रान उभ्या स्तंभांनी. दोघींची बोलणी करून द्यायला लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेनं एक साधन बनवलं. नाव ठेवलं ‘बॅबेल’.

५.
एकाच प्रोसेसमध्ये एका घटकानं दुसऱ्याला हाक मारली, तर काही नॅनोसेकंद. मुंबईहून जिनिव्हाला मारली, तर फायबरमधल्या प्रकाशालाच निदान ३३ मिलिसेकंद. तेवढ्यात ३ गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरचे दहा कोटी ठोके पडून गेलेले असतात. उत्तर यायचंय अजून.

६.
४ जून १९९६. एरियन ५ मध्ये एरियन ४ च्या सॉफ्टवेअरचा वापरात मुरलेला भाग. नवं रॉकेट जास्त वेगवान. आडव्या वेगाचा आकडा १६ बिटांत मावेना. मिनिटभराच्या आत स्फोट. भाग जुन्या रॉकेटवर कधी चुकला नव्हता.

७.
सप्टेंबर १९९९, मार्स क्लायमेट ऑर्बिटर. धक्क्याचा आकडा देणारा प्रोग्राम पाउंड-सेकंदात, घेणारा न्यूटन-सेकंदात. फरक ४.४५ पट. यान मंगळापाशी गेलं आणि गेलंच.

८.
माहितीपत्रकात ‘प्लग अँड प्ले’. खाली बारीक टायपात: कंपायलरची कोणती आवृत्ती चालेल.

९.
पुण्याच्या आयआयटीएम या हवामानसंस्थेतलं मान्सूनचं मॉडेल. वातावरण एक प्रोग्राम, समुद्र दुसरा, मधे कपलर. दोघांच्या जाळ्यांचे चौकोन जुळत नाहीत. किनाऱ्यावर तर एकाच्या लेखी जमीन असते तिथे दुसऱ्याच्या लेखी पाणी. तरी समुद्रानं सोडलेली उष्णता हवेच्या खात्यात तेवढीच जमा व्हायला हवी. रोज थोडी गळती झाली, तर काही दशकांच्या गणितात समुद्र विनाकारण तापतो किंवा गार पडतो.

१०.
ब्लास, १९७९. फोरट्रानमधली छोटी छोटी सबरुटीन्स: सदिशांची बेरीज, गुणाकार. ना पोर्ट, ना मंच. पायथनचं नमपाय आजही त्यांना त्याच नावांनी हाक मारतं.